साडेनऊ सेंटिमीटर

आमच्या ह्यांना शिंक आली तरी आधी इकडेतिकडे पाहून घेतात, कुणी बघत तर नाही ना. अठ्ठावीस वर्षं फौजेत काढलेला माणूस. आजारी पडणं म्हणजे कामचुकारपणा, हे तिथे त्यांच्या डोक्यात कुणी ठोकून बसवलं मला माहीत नाही, पण बसवलं ते कायमचं. दाढ किडली तेव्हा चार महिने एकाच बाजूने जेवले, आणि मी विचारलं तर म्हणाले, "भाकरी कडक झालीय." माझ्या भाकरीला नाव ठेवतील, पण दाढ दुखते म्हणणार नाहीत. सुभेदार हिंदुराव म्हटलं की पलटणीत लोकांना त्यांचं ताठ उभं राहणंच आठवायचं. लग्नात माझ्या मैत्रिणी म्हणाल्या होत्या, "द्वारके, तुझ्या नवऱ्याच्या पाठीत काठी घातलीय का गं?" मलाही तेव्हा हसू आलं होतं.

हा माणूस सात वर्षं वाकून चालला. का वाकला ते मला माहीत होतं. निदान मी तसं समजत होते.

रिटायर झाल्यावर आम्ही दिल्लीत मुनिरक्यात दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. ह्यांना एका सरकारी ऑफिसात सिक्युरिटीची नोकरी मिळाली. नीला कॉलेजात होती आणि जयंतची नुकतीच बारावी झाली होती. जयंतला फौजेत जायचं होतं. खरं म्हणजे त्याने जावं असं ह्यांना वाटत होतं, आणि पोराला बापापुढे नाही म्हणता येत नव्हतं, असं मी म्हणायचे. भरतीत सोळाशे मीटर ठरलेल्या वेळात पळावं लागतं. म्हणून बापलेक रोज पहाटे आउटर रिंग रोडच्या कडेने पळायला जायचे. रस्त्याच्या बाजूला हे, आतल्या बाजूला जयंत. मी एकदा दुधाला गेले तेव्हा दोघांना तसं पळताना पाहिलं होतं. पन्नाशी उलटलेला माणूस पोराच्या बरोबरीने पळत होता. माझी छाती अभिमानाने भरून आली होती, खोटं कशाला बोलू.

दोन हजार नऊच्या दिवाळीनंतर ह्यांनी जाणं बंद केलं. "आता एकट्याने पळ," म्हणाले. "भरतीत बाप बरोबर येणार आहे का?" मी म्हटलं, "अहो, अंधार असतो, जात जा की." तर माझ्यावरच ओरडले. डिसेंबरात धुकं पडायला लागलं. पंधरा तारखेला हात पुढे केला तर बोटं दिसत नव्हती. त्या पहाटे मी उठायच्या आत जयंत एकटा गेला, आणि वसंत विहारच्या वळणावर त्याला ट्रकने उडवलं. एकोणीस वर्षांचा होता.

हे रडले नाहीत. स्मशानात सावधान उभे राहिले. चौदाव्या दिवशी ड्यूटीवर गेले. मी काय बोलायचं ते तोंडावर बोलले: तुम्ही बिछान्यात लोळत राहिलात आणि माझ्या पोराला रस्त्यावर पाठवलंत. त्यानंतर मी त्यांच्याशी बोलणं सोडलं. नीलाची परीक्षा झाली की कराडला भावाकडे निघून जायचं, परत यायचं नाही, असं मी मनाशी पक्कं केलं. बॅगही भरून पलंगाखाली ठेवली.

आणि त्याच सुमारास हे वाकायला लागले. आधी जिना चढताना, मग रस्त्याने चालताना. दोन महिन्यांत असे दिसायला लागले, जणू जमिनीवर काही सांडलंय आणि ते शोधतायत. ह्यांच्या पलटणीतले संपतराव कॅन्टोन्मेंटमधून भेटायला आले, ह्यांना पाठमोरं पाहिलं आणि स्वयंपाकघरात येऊन डोळे पुसले. "वहिनी, गोळीबारात ह्या माणसाची मान खाली गेली नाही," म्हणाले. "पोराने वाकवला हो."

मला ते पटलं. का पटणार नाही? फौजी माणूस, तोंडाने बोलणार नाही, डोळ्याने रडणार नाही, मग दुःख जाणार कुठे? पाठीत गेलं. त्या दुपारी मी बॅग रिकामी केली, आणि संध्याकाळी ह्यांच्या पाठीला तेल लावायला बसले. तेल लावता लावता मी जयंतचं काही ना काही बोलायचे. हे पालथे पडून ऐकायचे. त्या वाकलेल्या पाठीच्या भरवशावर मी पुढे सात वर्षं संसार केला.

नीलाला केंद्राच्या एका मंत्रालयात नोकरी लागली, लक्ष्मीबाई नगरला क्वार्टर मिळालं आणि आम्ही तिच्याकडे राहायला आलो. दुसरा मजला. ह्यांचं वाकणं वाढतच गेलं. मदर डेअरीचा बूथ पाच मिनिटांवर, पण तेवढ्यात तीनदा कुणाच्या तरी कट्ट्यावर बसायचे. सरोजिनी नगरच्या बाजारात भाजीच्या गाडीवर दोन्ही हात टेकून असे ओणवे व्हायचे की भाजीवाला म्हणायचा, "अंकल, खरीदोगे या सोओगे?" गंमत म्हणजे सायकलवर काही व्हायचं नाही. सायकलने आयएनए मार्केटला जाऊन मासे घेऊन यायचे, धाप नाही की थांबणं नाही. मी एकदा बोलून गेले, "सायकलवर बरं दुःख होत नाही तुम्हाला!" आणि मग माझीच मला लाज वाटली. माणसाच्या दुःखाची थट्टा करू नये.

दोन हजार सोळाच्या पावसाळ्यात त्यांच्या उजव्या पायातून चप्पल आपोआप निसटायला लागली. चप्पल मागे राहायची आणि ह्यांना कळायचंच नाही. मग एकदा जिन्यात पडले. नीलाने त्यांचं काही ऐकलं नाही, सुट्टी काढली आणि आम्हा दोघांना मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेली. एमआरआय झाला. पायापासून मानेपर्यंत उभ्याने, बाजूने असा एक लांबच लांब एक्स-रेही काढला.

डॉक्टर तरुण होते आणि समजावून सांगायची हौस होती. कण्याच्या आतून नसा जातात ती वाट कमरेशी अरुंद झालीय, म्हणाले. ताठ उभं राहिलं की ती आणखी आवळते, पाय बधिर होतात, पेटतात. पुढे वाकलं की थोडी मोकळी होते. "इसलिए झुकते हैं. गाड़ी पे हाथ टेक लो, आराम. साइकिल पे बैठो, आराम. है ना, सूबेदार साब?" ह्यांनी मान हलवली. मग डॉक्टरांनी त्या लांब एक्स-रेवर मानेच्या हाडापासून खाली सरळ रेघ सोडली. ती रेघ माकडहाडाच्या आसपास उतरायला हवी. ह्यांची पुढे, हवेतच उतरली होती. "साढ़े नौ सेंटीमीटर आगे," डॉक्टर म्हणाले.

मी विचारलं, "डॉक्टरसाब, ये सदमे से नहीं हुआ?"

"सदमे से?" त्यांना कळेना. "नहीं माताजी, ये हड्डी का मामला है. कब से है ये?"

"सात साल," मी म्हणाले. "हमारा बेटा जब..."

"सितंबर दो हज़ार नौ," हे मध्येच म्हणाले. "दौड़ते हुए शुरू हुआ."

जयंत गेला डिसेंबरात. मी ह्यांच्याकडे वळून पाहिलं. ते खाली फरशीकडे पाहत होते, नेहमीसारखे. डॉक्टर पुढे बरंच काही बोलले, नीला लिहून घेत होती. मागचं थोडं हाड आणि जाड झालेला पडदा काढायचा, नसांना जागा करून द्यायची. रॉड नाही, स्क्रू नाही. "पीठ हम सीधी नहीं करेंगे. हम सिर्फ़ जगह बनाएँगे. दबाव हट गया तो ज़्यादातर लोग ख़ुद सीधे हो जाते हैं. कुछ लोग आदत से झुके रहते हैं, उनको घर में टोकते रहना पड़ता है." मी हो म्हटलं. माझं लक्ष सप्टेंबरवरच अडलेलं होतं.

परतताना रिक्षात नीला पुढे झुकून ड्रायव्हरला रस्ता सांगत होती. मी ह्यांना हळूच विचारलं, "त्या दिवशी पायामुळे गेला नाहीत?"

"हो."

"आणि दिवाळीपासूनही त्यामुळेच?"

"हो."

"मग सांगितलं का नाही?"

"काय सांगायचं?"

काय सांगायचं! पाय दुखतो, एवढे दोन शब्द सांगायचे. मी जयंतला एकटं जाऊ दिलं असतं का? नीलाला बरोबर पाठवलं असतं, गच्चीवर पळायला लावलं असतं, मी स्वतः लुगड्याचा काचा मारून गेले असते त्याच्याबरोबर. लोक हसले असते तर हसले असते. दोन शब्दांसाठी माझं पोर गेलं. आणि ज्या पाठीला मी सात वर्षं तेल लावलं ती पाठ जयंतसाठी वाकलीच नव्हती. हाड होतं ते. मी एकटीच रडत होते सात वर्षं, आणि मला वाटत होतं आम्ही दोघं आहोत.

ऑपरेशन ऑक्टोबरात झालं. दुसऱ्या दिवशी फिजिओवाल्या मुलीने त्यांना उभं केलं. वॉकर धरून चार पावलं टाकली, मग वॉकर सोडून दिला, आणि हळूहळू त्यांची पाठ वर आली. नीला रडायला लागली. "आई, बघ ना, बाबा केवढे उंच आहेत!" सात वर्षांत पोरगी विसरून गेली होती. वॉर्डातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. ह्यांनी सगळ्यांकडे पाहिलं आणि शेवटी माझ्याकडे पाहिलं. मी टिफिनचे डबे धुवायला निघून गेले.

घरी आल्यावर तर लक्ष्मीबाई नगरात लग्नघर झालं. खालच्या चंद्रप्रभाताई पेढे घेऊन आल्या. "सुभेदार, यार, तुम्ही तर जवान झालात बिल्कुल!" आपल्या नवऱ्यालाही पाठवू का म्हणून विचारत होत्या. सगळे हसले, मीही हसले. लोक गेले की मी गप्प. जेवायला वाढायचे, गोळ्या द्यायचे, टाके निघेपर्यंत आंघोळीला मदत केली, कर्तव्यात कसूर केली नाही. पण बोलले नाही. तेलाची बाटली कपाटात गेली. जयंतचं नाव घरात बंद झालं. त्यांची ती ताठ पाठ दिसली की माझ्या अंगाची लाही व्हायची. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर पोर जळालं आणि पीळ परत आला, असं वाटायचं.

मग नोव्हेंबरात माझ्या लक्षात आलं की घरात ते परत वाकायला लागलेत. आधी थोडे, मग चांगलेच. देवघरापासून बाथरूमपर्यंत भिंत धरून जायचे. डॉक्टर म्हणाले होते काही लोक सवयीने वाकलेले राहतात, त्यांना टोकत राहा. मी टोकलं नाही. उलट मला जरा बरं वाटलं. सांगायला लाज वाटते, पण वाटलं हे खरं. एकदा तर त्यांना वाकलेलं पाहून, "चहा घेणार का?" असं तोंडातून निघून गेलं. दीड महिन्यात मी आपणहून विचारलेली पहिली गोष्ट.

जानेवारीत परत तो लांबचा एक्स-रे काढला. डॉक्टर खूश. रेघ आता अडीच सेंटिमीटरवर. "बहुत बढ़िया! एकदम फ़ौजी!"

मी म्हटलं, "पर घर में तो झुककर ही चलते हैं."

डॉक्टरांनी चित्र पाहिलं, ह्यांना पाहिलं. त्यांना उभं केलं, चालवलं, पाठीवर बोटं दाबून पाहिली. "झुकने की कोई वजह तो बची नहीं," म्हणाले. हे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होते.

त्यानंतर आठवड्याभरातली गोष्ट. नीला ऑफिसला गेली होती. मी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले होते. कठड्याशी उभी होते, तर खाली गल्लीतून हे दूध घेऊन येताना दिसले. ताठ. खांदे मागे, मान वर, पावलं मोजून टाकल्यासारखी. एकदाही थांबले नाहीत. मी रिकामी बादली घेऊन जिना उतरायला लागले. शेवटच्या वळणावर आले तर हे आमच्या दारासमोर पोहोचले होते. मी मागे वर होते, त्यांना दिसले नाही. त्यांनी दुधाची पिशवी डाव्या हातात घेतली. उजवा हात गुडघ्यावर ठेवला आणि वाकले. नीट वाकले, मान खाली घातली, आणि मग बेल वाजवली.

आत कुणीच नव्हतं. ते तसेच उभे राहिले. थोड्या वेळाने वाकल्या वाकल्याच परत बेल वाजवली. चाळीस टाके घालून घेतलेला साठीचा माणूस, बंद दारापुढे ओणवा, दार उघडायची वाट बघत. मला आधी राग आला. मग मी बादली पायरीवर ठेवली.

"कुणासाठी वाकलात?" मी म्हणाले.

ते दचकले. माझ्याकडे न पाहताच सरळ व्हायला लागले, मग अर्ध्यावर थांबले, कसं उभं राहावं ते कळेना.

"अहो, मी विचारतेय."

"तू बॅग भरली होतीस," ते म्हणाले. "पलंगाखाली. मी पाहिली होती."

"कधीची गोष्ट काढताय!"

"मी वाकलो तेव्हा तू ती रिकामी केलीस. संपतराव काय म्हणाला तेही मी ऐकलं होतं. नाही रे, पाय दुखतो म्हणून वाकलोय, असं तेव्हा म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं. तू पाठीशी बसून जयंतचं बोलायला लागलीस. मग मला ते म्हणवेना." त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "आता सरळ झालो तर तू बोलत नाहीस. म्हटलं, वाकावं. त्यात काय कठीण आहे?"

मी किल्लीने लॅच उघडलं. आत गेलो. मी दूध तापायला ठेवलं, कारण हाताला काहीतरी काम हवं होतं. ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले, परत जरासे वाकून.

"सरळ उभे राहा," मी म्हणाले. "माझ्यासाठी वाकायचं नाही. डॉक्टरने एवढी मेहनत केलीय."

"मग बोलशील?"

"माहीत नाही मला. तुम्ही सांगितलं असतं तर तो जिवंत असता. हे मला विसरता येत नाही हो. मी प्रयत्न करून पाहिला."

"विसरू नको," ते म्हणाले. "मीही विसरत नाही."

ते सरळ झाले. सात वर्षं मला त्यांची टाळूच दिसत होती. तोंड मी नीट पाहिलंच नव्हतं. केवढं म्हातारं झालं होतं ते.

"त्याला माहीत होतं," ते म्हणाले.

"कुणाला? काय?"

"जयंतला. पायाचं. पळताना एकदा मी पडलो होतो, ते त्याने पाहिलं. आईला सांगशील तर बघ म्हणून मी शपथ घातली होती. एकट्याने पळ असं मी तुझ्यासमोर म्हणालो, ते त्याचं आणि माझं आधी ठरलेलं होतं." त्यांनी दाराची चौकट धरली. "त्या दिवशी मी उठलो होतो, द्वारका. झोपलेलो नव्हतो. धुकं फार होतं, म्हणून म्हटलं आज जाऊ त्याच्याबरोबर. बूट घालायला बसलो तर पाय उचलेना. तो आला, माझ्या हातातून बूट काढून घेतला. म्हणाला, बाबा, पडून राहा तुम्ही. मी कडेकडेने जातो."

दूध वर आलं होतं. मी गॅस बंद केला. सात वर्षं मी जयंतची एक एक गोष्ट त्यांना सांगत आले होते. त्याचं पहिलं चालणं, त्याचा गोवर, दहावीचा निकाल, तीच तीच परत परत, कारण नवीन काही उरलंच नव्हतं. आणि हे एवढं त्यांच्याकडे होतं.

"आणखी काय म्हणाला?" मी विचारलं.

त्यांनी खूप आठवलं. मी ओट्याला धरून थांबले.

"एवढंच," ते शेवटी म्हणाले. "माझ्या अंगावर रजई घातली. आणि जाताना दार हळू लावून घेतलं, तुला जाग येऊ नये म्हणून."